आवाजाचा खटका

माळमड्डी, धारवाड
९ ऑक्टोबर १९३८

प्रिय गुरुराज,

सात महिन्यांनी लिहितोय. मधल्या तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. त्याबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर पुढच्या पत्राच्या सुरुवातीलाच देऊन टाक, म्हणजे मग कामाचं बोलता येईल.

वेणू गेली त्या दिवसापासून बिनतारी सेटवर चादर टाकून ठेवली होती. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, म्हणून चादर काढली, सेटला हळदकुंकू वाहिलं आणि परत झाकायला हात होईना. तुझं-माझं लायसन सहा वर्षांचं. या सहा वर्षांत आपण दोघांनी हवेतून जेवढं बोलून घेतलं, तेवढं समोरासमोर बसून शाळेतसुद्धा बोललो नसू. ते परत सुरू करावं म्हणतो.

अडचण तुला माहीत आहे. टायफॉइडनंतर माझा उजवा हात कापतो. डावा हात रिसीव्हरच्या चकतीवर ठेवावा लागतो, नाहीतर तुझा आवाज सरकत सरकत निघून जातो. बोलताना खटका वर आणि ऐकताना खाली, हे करायला तिसरा हात पाहिजे. तो हात वेणूचा होता. शेजारी स्टुलावर बसायची. मी तोंड उघडलं की खटका वर, माझं संपलं की खाली. इंग्रजी तिला येत नव्हतं. माहेर कलघटगीचं, सगळं कानडी. आपण मराठीत बोलायला लागलो तरी निम्मं तिच्या डोक्यावरून जायचं. तरी तिने मला एकदाही मध्ये तोडलं नाही. मी अडखळायचो, शब्द शोधायचो, आणि तिला कळायचं की हा नुसता थांबलाय, संपलेला नाही. कसं कळायचं ते मी विचारायचं राहून गेलं.

एका अमेरिकन मासिकात वाचलं की आवाजावर चालणारा खटका करता येतो. मायक्रोफोनसमोर माणूस बोलला की त्या आवाजानेच एक रिले, म्हणजे विजेवर हलणारा छोटा खटका, ओढला जातो आणि ट्रान्समीटर सुरू होतो; माणूस गप्प झाला की रिले सुटतो आणि रिसीव्हर ऐकू यायला लागतो. हाताचं काम नाही. नकाशा उतरवून घेतलाय, व्हॉल्व्ह घरात आहेत, पण रिले हलका आणि चपळ पाहिजे. तुमच्या वीजघरात असं काही भंगारात पडलं असेल तर बघ.

गुरू, मला बोलायला माणूस हवंय. शाळेत दिवसभर बोलतो, पण ते शिकवणं झालं.

तुझा,
पद्मनाभ


वीजघर वसाहत, क्वार्टर नं. ४
२० ऑक्टोबर १९३८

प्रिय पद्या,

शिव्या मनातल्या मनात देऊन झाल्या. एकूण अकरा.

सोबतच्या डब्यात दोन रिले आहेत, कापसात गुंडाळून. टेलिफोनच्या जुन्या पाटीवरचे आहेत, फुंकर मारली तरी बसतील. स्टोअरकीपर जयतीर्थ म्हणाला, कशाला पाहिजेत? म्हटलं, मित्राला बायको गेल्यावर लागतात. त्या बिचाऱ्याने पावतीही न करता डबा पुढे केला. मग मलाही वाईट वाटलं.

मी स्वतः असला खटका इथे बसवू शकत नाही. माझ्या क्वार्टरच्या मागूनच वीजघराला पाणी नेणारे मोठे नळ उतरतात, त्यांची घरघर चोवीस तास. माझा रिले एकदा बसला की पेन्शनीपर्यंत उठायचा नाही. मी आपला हातानेच खटका मारीन. हात दोन्ही शाबूत आहेत, त्यांना दुसरं काम नाही.

माझी पाळी अजून वर्षभर रात्रीची आहे. सकाळी सातला सुटतो, आंघोळ करतो आणि झोप येईपर्यंत भिंतीकडे बघतो. तेव्हा रोज साडेनऊला बोलू, पंधरा मिनिटं. तू जेवून शाळेला जा, मी झोपतो. इथे स्वयंपाक्याखेरीज माझ्याशी कुणी बोलत नाही आणि तोही फक्त वांग्याबद्दल.

वहिनींना कसं कळायचं ते मला ठाऊक आहे. त्या तुझ्या तोंडाकडे बघत असत. रिलेला डोळे नसतात, एवढं लक्षात ठेवून काम कर.

तुझा,
गुरुराज


माळमड्डी, धारवाड
२७ नोव्हेंबर १९३८

प्रिय गुरू,

आठवडाभर जे ऐकलंस त्याबद्दल माफी. मला इथून काय होतंय ते दिसतं, तिकडे काय पोचतंय ते कळत नाही, म्हणून नीट लिहून कळव.

इकडची हकीकत अशी. खटका बसतो, पण कशानेही बसतो. कावळा ओरडला, बसला. भांडं पडलं, बसला. त्याहून मोठा घोळ म्हणजे तू बोलायला लागलास की स्पीकरमधून येणारा तुझा आवाजही मायक्रोफोनला ऐकू जातो. लगेच रिले बसतो, रिसीव्हर बंद होतो. म्हणजे तू 'पद्मनाभ' म्हणतोस आणि 'पद्म'लाच तुझं तुझ्या हाताने तोंड दाबलं जातं. कानाला हेडफोन लावून भागवलं, पण पंधरा मिनिटांतच कानशिलं दुखतात.

गुरुवारी अंबूताई भाजी घेऊन आल्या. या आमच्या शेजारच्या, वेणूच्या मैत्रीण. अजून माझ्या पानाची काळजी करतात. मी खूण करीपर्यंत त्यांचं सुरू झालं होतं. किती बाहेर गेलं?

तुझा,
पद्मनाभ


क्वार्टर नं. ४
४ डिसेंबर १९३८

प्रिय पद्या,

सगळं बाहेर गेलं. गवळी बाबू दुधात पाणी घालतो, आणि ते पाणीसुद्धा विहिरीचं नसून हौदाचं असतं, हे आता घाटमाथ्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. पुढे त्यांच्या जावेबद्दलही काही होतं, ते मी लिहीत नाही. आपल्या लायसनात प्रयोगापुरतंच बोलावं असं छापलेलं आहे, तेव्हा अंबूताईंना प्रयोग म्हणून दाखवावं लागेल.

आता कामाचं. तुझ्या प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. 'नमस्कार'चा 'मस्कार' होतो. आणि दुसरं, तू दोन शब्दांच्या मध्ये थांबलास की खटका सुटतो. पूर्वी तू इतका थांबत नव्हतास. हल्ली वाक्याच्या मध्येच कुठेतरी जाऊन येतोस.

तीन गोष्टी कर. एक, मायक्रोफोनपुढचा व्हॉल्व्ह आणखी तापट कर, म्हणजे हळू आवाजालाही रिले चटकन बसेल आणि पहिलं अक्षर वाचेल. दोन, रिलेच्या व्हॉल्व्हवर मोठा कंडेन्सर टाक. तो भरलेला असेपर्यंत रिले धरून राहील, म्हणजे तू थांबलास तरी तीन सेकंद वाट बघेल. तीन, स्पीकरला जाणारा थोडा आवाज एका ट्रान्सफॉर्मरमधून उलटा करून त्याच व्हॉल्व्हला पाज. मग स्पीकर कितीही ओरडला तरी रिले म्हणेल, हा परका आहे, याच्यासाठी बसायचं नाही. हेडफोन फेकून दे.

तीन सेकंद पुरतील का तुला?

गुरुराज


माळमड्डी, धारवाड
१५ जानेवारी १९३९

प्रिय गुरू,

तीन सेकंद पुरतात. हुबळीला दुर्गदबैलात दोन दुकानं पालथी घालून कंडेन्सर मिळवला. ट्रान्सफॉर्मर घरीच गुंडाळला, म्हणजे मी मोजत बसलो आणि अंबूताईंनी गुंडाळला. आता त्यांना तोंड बंद ठेवून काम करता येतं हे सिद्ध झालं.

स्पीकरला आता रिले अजिबात भुलत नाही. तू बोलतोस आणि तुझा आवाज खोलीभर येतो, कानशिलं मोकळी राहतात. मी बोललो की मात्र पहिल्या अक्षराला बसतो, मी थांबलो तर थांबतो. काल बोलताना मला तुझ्या वडिलांचं नाव आठवेना. मी थांबलो. रिले थांबला. मग आठवलं आणि बोललो. मध्ये तुटलं नाही. गुरू, मी स्टुलाकडे बघितलं. इतका वेळ लागला हे यंत्राला शिकवायला आणि तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

रिले बसलाय की सुटलाय ते दिसावं म्हणून एक छोटा लाल दिवा जोडायला घेतलाय. सवडीने लावीन.

सेटचा मेन खटका अजून दाराशीच आहे. आग लागेल म्हणून वेणूनेच तो तिथे लावून घेतला होता. घराबाहेर पडताना शेवटचा हात त्या खटक्याला, मग कुलूप, ही तिची शिस्त. मीही ती मोडलेली नाही. आपलं बोलणं संपलं की मी जेवतो, कपडे करतो आणि दहा वाजून पाच मिनिटांनी निघताना सगळं बंद करतो.

आता यात काही उणं राहिलं असेल तर खरं सांग. तुझ्याशिवाय मला ते सांगणारं कुणी नाही.

तुझा,
पद्मनाभ


क्वार्टर नं. ४
२४ जानेवारी १९३९
(हे पत्र पाकिटात घातलं, टाकलं नाही.)

प्रिय पद्या,

उणं राहिलंय. खटका फार चांगला झालाय.

काल सोमवारी आपलं बोलणं संपल्यावर माझा रिसीव्हर चुकून चालूच राहिला. मी अंथरुणावर पडलो. पाचसात मिनिटांनी तुझा आवाज आला. तू कानडीत म्हणालास, सार चांगलं झालंय, मीठ तेवढं कमी पडलं. मला वाटलं अंबूताई आल्या असतील. पण उत्तर कुणाचं येईना. मग तू म्हणालास, छत्री घेत नाही, आज ऊन आहे, रागावू नकोस. तेव्हा मला कळलं तू कुणाशी बोलतोयस.

मी उठून रिसीव्हर बंद करायला हवा होता. हात चकतीवर ठेवला, खरंच ठेवला. तेवढ्यात वहाणा वाजल्या आणि दारातून, लांबून, पण स्वच्छ आलं: "होगि बर्तेनि."

जाऊन येतो. धारवाडात कुठल्या घरातून माणूस हे म्हटल्याशिवाय बाहेर पडतो? इथे आल्यापासून सतरा वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. मी शाळेला निघताना म्हणायचो आणि आई आतून, हातातलं काम न सोडता म्हणायची, "होगि बा," जाऊन ये. त्याच्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. इथे मी पाळीला जातो तेव्हा कुणाला सांगू? स्वयंपाक्याला? तो म्हणेल वांगी आणा.

तर माझ्या तोंडून गेलं, "होगि बा." मोठ्याने. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि माझा खटका खाली होता, त्यामुळे ते माझ्याचपाशी राहिलं. मग खट्ट आवाज आला आणि तू गेलास.

आज मुद्दाम रिसीव्हर चालू ठेवला. आजही तसंच.

पद्या, तुझं घरातलं बोलणं हवेत जातंय. दुसऱ्या कुणी ऐकलं तर लायसन जाईल, आणि मुख्य म्हणजे ते माझ्यासाठी नाही. मायक्रोफोनचा व्हॉल्व्ह थोडा मंद कर आणि बोलणं संपल्यावर

(पुढे कोरं.)


क्वार्टर नं. ४
२७ जानेवारी १९३९

प्रिय पद्या,

तुझा खटका उत्तम चाललाय. त्याला आता हात लावू नकोस. पहिलं अक्षर येतं, शेवटचं येतं. तापटपणा आहे तेवढाच ठेव, कमी केलास तर पुन्हा 'मस्कार' सुरू होईल.

इकडे थंडी आहे. विशेष काही नाही.

गुरुराज


माळमड्डी, धारवाड
१२ मार्च १९३९

प्रिय गुरू,

लाल दिवा होळीच्या सुट्टीत लावला एकदाचा. रिलेच्या डोक्यावरच आहे, दारातूनही दिसतो.

परवा वेणूचं वर्षश्राद्ध झालं. कलघटगीहून तिचे थोरले भाऊ, अण्णा, आले होते. जाताना त्यांनी स्टूल मागितलं, तिच्या माहेरचं होतं म्हणून. मी दिलं नाही. भांडण झालं नाही, पण ते चहा न घेता गेले.

एक विचारायचं होतं. आपलं बोलणं संपल्यावर तू तुझा रिसीव्हर लगेच बंद करतोस की चालू ठेवतोस? सहज विचारतोय.

तुझा,
पद्मनाभ


क्वार्टर नं. ४
१९ मार्च १९३९

प्रिय पद्या,

लगेच बंद करतो. लगेच म्हणजे अगदी लगेच. रात्रभर यंत्रांची घरघर ऐकून आलेला माणूस, अंग टाकलं की मेला. का विचारलंस?

स्टूल दिलं नाहीस ते बरं केलंस. अण्णांना मी ओळखतो, आंब्याच्या दिवसांत आपणहून येतील.

गुरुराज


क्वार्टर नं. ४
९ जुलै १९३९

प्रिय पद्या,

पाऊस इथे इतका आहे की पोस्टमन दोन दिवसांनी येतो आणि अर्धी पत्रं त्याच्या पोटाशी वाळतात. तब्येत कशी आहे? साडेनऊला बोलतोस तेव्हा आवाज नेहमीचा वाटतो, पण मला काळजी लागून राहिली आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस झाले, तू काही न म्हणताच शाळेला जातोस.

आता हे लिहून गेलो. पेन्सिल असती तर पुसलं असतं. दुसरा कागदही आहे समोर. पण मी तो घेत नाही, कारण सहा महिने दुसरा कागदच घेत आलोय.

मी ऐकतो, पद्या. जानेवारीपासून ऐकतो. साराला मीठ कमी पडतं ते, बाबू गवळ्याशी तू भांडलास ते, आठवीतल्या त्या कृष्णाला पट्टी मारलीस आणि मग दिवसभर जेवण गेलं नाही, ते वहिनींना सांगितलंस तेही. सोबतचं पत्र जानेवारीतच लिहिलं होतं. वाच, म्हणजे मला दुसऱ्यांदा लिहायला नको. मी तुला मुद्दाम चुकीचा सल्ला दिला. व्हॉल्व्ह मंद कर म्हणायचं, तर उत्तम आहे म्हणालो. तू विचारलंस, तर खोटं सांगितलं.

का, तर मला ते हवं होतं. माझ्या घरात कुणी जेवताना बोलत नाही, कुणी बाहेर जाताना सांगत नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी तू म्हणायचास आणि मी पांघरुणातून उत्तर द्यायचो, मग मला झोप यायची. रोज. मेच्या सुट्टीत शाळा नव्हती तरी तू बाहेर पडायचास, त्याबद्दल तुझे आभार कसे मानावेत ते मला कळत नव्हतं.

वहिनींच्या आणि तुझ्या मध्ये मी कान घातला. यापुढे ऐकणार नाही. आता खरंच लगेच बंद करीन. आणि तू आधी व्हॉल्व्ह मंद कर.

तुझा,
गुरुराज


क्वार्टर नं. ४
१३ ऑगस्ट १९३९
(कार्ड)

पद्या, महिना झाला. साडेनऊला रोज हाक मारतो, तू येत नाहीस. रागावला असशील तर तसं लिही. कार्डावर मावतं तेवढंच लिही. दोन शब्द चालतील.

— गुरुराज


क्वार्टर नं. ४
१० सप्टेंबर १९३९

प्रिय पद्या,

लढाई लागली आणि आपली सगळ्यांची लायसनं रद्द झाली. काल येऊन माझा सेट घेऊन गेले. रिसीव्हरसुद्धा. जयतीर्थ त्यांना घेऊन आला आणि रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाला, आता इथे ताट मांडा, जेवायला बरं.

तुझाही गेला असेल. आता हाक मारायचीही सोय राहिली नाही, म्हणून लिहितोय. उत्तराची अपेक्षा नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. पुरे झालं तेवढं खोटं.

गुरुराज


माळमड्डी, धारवाड
२४ सप्टेंबर १९३९

प्रिय गुरू,

सेट गेला. पोस्टातले एक साहेब आणि एक हवालदार आले होते. यादी करताना साहेबांनी आवाजाच्या खटक्यावर बोट ठेवून विचारलं, याला काय लिहू? समजावून सांगायला घेतलं, मग कंटाळा आला. म्हटलं, लिहा, किरकोळ. त्यांनी तसंच लिहिलं. लाल दिवा मी आधीच काढून घेतला होता. तो बिनतारीत मोडत नाही.

त्या दिव्याबद्दल लिहायचं आहे. होळीच्या सुट्टीत तो लावला. दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो, वहाणा घातल्या, वेणूला म्हटलं आणि मेन खटक्याकडे हात नेला, तर आत लाल दिवा लागलेला. दारातून बोललेलं रिलेने ऐकलं होतं. मी तिथेच उभा राहिलो. दोन महिने मी घरात जे जे बोललो ते एकेक आठवलं. बाहेर जातंय तर ऐकणारा एकच, म्हणून तुला सहज विचारलं, रिसीव्हर लगेच बंद करतोस का. तू उत्तर दिलंस, लगेच म्हणजे अगदी लगेच. गुरू, शाळेत शेषगिरी मास्तरांनी कधीही विचारलं की गृहपाठ केलास का, तू म्हणायचास, लगेच केला. तू खोटं बोलताना नेहमी 'लगेच' म्हणतोस.

म्हणजे तू ऐकतोयस हे मला मार्चपासून ठाऊक होतं. व्हॉल्व्ह मंद करायला एक मिनिट पुरे होतं. मी केला नाही. उलट मायक्रोफोन जरा दाराकडे वळवून ठेवला.

त्यानंतर रोज मी दारात उभा राहून म्हणायचो, "होगि बर्तेनि," आणि दिव्याकडे बघायचो. तीन सेकंद तो लागलेला असायचा. मग विझायचा आणि स्पीकर उघडायचा. त्यातून नुसती खरखर यायची. मी पन्नासपर्यंत मोजायचो. मग मेन खटका ओढायचो आणि जायचो. चार महिने. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, रोज उशीर का होतो? काय सांगणार? वेणू उत्तर देणार नाही हे मला कळत होतं. मी वेडा झालेलो नाही. ती गेली ते माझ्या मांडीवर गेली. पण तू देशील असं मला वाटायचं. रोज वाटायचं, आज देईल.

जुलैत म्हटलं, बघूया, आपणच गप्प राहू. तिसऱ्या दिवशी शनिवारी शाळेत वर्गावर माझं लक्ष नव्हतं. मग तुझं पत्र आलं आणि त्यात जानेवारीचं. आणि त्यात लिहिलेलं की तू पहिल्या दिवसापासून उत्तर देत होतास. खटका खाली ठेवून.

तू ऐकलंस याचा मला राग आला नाही. दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसाने खटका वर केला नाही, याचा आला. माझ्या हाताला ते जमत नाही म्हणून मी यंत्र केलं. तुला जमत होतं आणि तू पांघरुणात पडून म्हणत होतास. इतका राग आला की दीड महिना सेटकडे फिरकलो नाही. मग माझं मलाच कळलं, की मीही तर सरळ विचारलं नाही. 'गुरू, आहेस का?' एवढं दारातून म्हटलं असतं तरी पोचलं असतं.

सोमवारी चार सप्टेंबरला पुन्हा बोलायला सुरुवात करायची असं ठरवलं. शनिवारी धूळ पुसली, व्हॉल्व्ह तापवून पाहिले, दिवा नीट लागत होता. रविवारी संध्याकाळी वाचनालयात लढाईची बातमी आली. सोमवारी म्हटलं, दोन दिवस थांबून बघू. दोन दिवसांनी हुकूम आला.

आता घरात बोलतो ते घरातच राहतं. दारात अजून उभा राहतो, सवयीने, पन्नासपर्यंत नाही, दहापर्यंत. मेन खटका ओढायलाही काही उरलेलं नाही, नुसतं कुलूप लावतो. फार एकटं वाटतं, गुरू. पूर्वीही वाटायचं, पण तेव्हा वाट बघण्यासारखं काहीतरी होतं.

अंबूताई विचारतात, ते डबडं गेलं आता काय करता? मी म्हणतो, पत्रं लिहितो.

तुझा,
पद्मनाभ


क्वार्टर नं. ४
२९ ऑक्टोबर १९३९

प्रिय पद्या,

तुझं पत्र महिनाभर खिशात आहे. उत्तर लिहायला सात वेळा बसलो. मग उत्तर लिहायचं सोडून रजेचा अर्ज लिहिला. सतरा वर्षांत पहिला, म्हणून साहेबांनी दोनदा वाचला आणि विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? म्हटलं, दोघं.

आठ दिवस मिळाले. रविवारी, पाच नोव्हेंबरला, दुपारच्या गाडीने धारवाडला उतरतो. स्टेशनवर येऊ नकोस, माळमड्डीचा रस्ता मला ठाऊक आहे. अंबूताईंना सांग, मी दुधाबद्दल सगळं ऐकून आहे.

दिवाळीची सुट्टी अजून लागलेली नसणार, म्हणजे सोमवारी तुला शाळा असेल. तू जेव, कपडे कर, तुझं तिच्याशी जे काय बोलायचं ते बोलून घे. मी तेवढा वेळ मागच्या अंगणात जाईन. दहा वाजून पाच मिनिटांनी आत येतो. स्टुलावर बसणार नाही, जमिनीवर बसेन. तू वहाणा घालून दारात उभा राहा आणि रोजच्यासारखं म्हण. जरा मोठ्याने म्हण, यंत्रांच्या घरघरीने माझा डावा कान गेलाय.

वहिनी तुला आदराने "होगि बर्री", जाऊन या, म्हणायच्या. तो त्यांचा शब्द, मी घेणार नाही. मी माझ्या आईचा म्हणेन. पन्नासपर्यंत मोजावं लागणार नाही.

तुझा,
गुरुराज